परभणीच्या बारवा आणि परत घेतलेली खुशी

वालूरच्या बारवेचा फोटो मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये पाहिला आणि तिसऱ्या मजल्याऐवजी सातव्यावर जाऊन पोचले. गोल विहीर, आणि तिच्या पायऱ्या सरळ खाली न जाता वळत वळत उतरलेल्या. कुणीतरी जमिनीत भलामोठा स्क्रू फिरवून बाहेर काढून घेतलाय असं वाटत होतं. त्याच दिवशी रजा टाकली. परभणीला कशाला, हे मला सहा जणांनी विचारलं आणि त्यातल्या चौघांनी ते 'जगात जर्मनी, भारतात परभणी'वालं वाक्य ऐकवलं.

ब्लॉग आधीपासून वाचणाऱ्यांना माझं बारवांचं वेड माहितीय. नवीन असाल तर एवढंच सांगते, की मी इंग्लिश मीडियमची. शाळेत स्टेपवेल म्हणजे गुजरात एवढंच शिकवलं होतं. बारव हा शब्द मला बाविसाव्या वर्षी कळला, आणि आपल्याकडे गावोगावी त्या आहेत हे कळल्यापासून मी प्रत्येक सुट्टीत कुठल्या ना कुठल्या विहिरीत उतरलेली असते.

ही पोस्टही बारवांवरच असणार होती. रस्ते, खर्च, जेवण सगळं सांगते. पण गेले तीन आठवडे मी लिहायला बसते आणि उठते. कारण या ट्रिपमध्ये मी एका ड्रायव्हरला टिप दिली, आणि त्या टिपमुळे त्याची नोकरी जायची वेळ आली. ते वगळून लिहून पाहिलं, जमलं नाही. डोक्यात घोळवून दमायला झालंय, म्हणून एकदाचं सगळंच लिहून टाकते.

पुण्याहून गाडीनं सकाळी परभणीला उतरले. स्टेशनजवळ लॉज, नऊशे रुपये, गरम पाणी सातपर्यंतच. समोरच्या हॉटेलात सुशीला खाल्ली, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा समजा, वर शेंगदाणे आणि लिंबू. तीस रुपये. मी दोन प्लेट खाल्ल्या.

गाडी फोनवरच ठरवली होती. मालकांचं नाव माणिकराव. तीन गाड्या, स्टेशन रोडला छोटं ऑफिस. फोनवर ते एका दमात म्हणाले होते, "दिवसाचे तीन हजार, अडीचशे किलोमीटर, डिझेल आमचं, ड्रायव्हरचं जेवण तुमचं. बाकी तुमची खुशी."

"खुशी म्हणजे किती?"

"अहो मॅडम, खुशी मंजी खुशी."

मी आदल्या दिवशी टिप किती द्यावी यावर तीन इंग्लिश ब्लॉग वाचले होते. एकात दहा टक्के, एकात दिवसाला ठरावीक, एकात 'लोकल कस्टम विचारा'. त्या तिघांपैकी कुणीही परभणीला आलेलं नव्हतं.

आठ वाजता पांढरी गाडी आली. ड्रायव्हर माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. ओले केस, इस्त्रीचा शर्ट. नाव मुंजाजी. असं नाव मी आधी ऐकलंच नव्हतं, तर तो म्हणाला, "इकडं हर गावात चार मुंजाजी सापडतेत, ताई. एकाला हाक मारली की तिघं वळून बगतेत."

लोकल कस्टम विचारायचंच होतं, म्हणून शहर सुटल्या सुटल्या मी विचारलं. "दादा, लोक खुशी साधारण किती देतात?"

त्यानं गिअर बदलला. "ते मी कसं सांगू? मी आकडा सांगितला की ती मागणी झाली. मंग खुशी न्हाई ऱ्हायली."

मला हे खूप भारी वाटलं. डायरीत लिहून घेतलं. नुसतं लिहून घेतलं, एवढंच.

रस्ता सेलूच्या बाजूला बरा आहे, मग मध्येच नाही. दोन्हीकडे ज्वारी, तूर, हरभरा. मुंजाजी बोलका होता. या गाडीवर त्याला तीन महिने झाले होते. त्याआधी चार हंगाम तो आणि त्याची बायको रुक्मिणी ऊस तोडायला जायचे. तोडणीला नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात हे मला त्याच्याकडून कळलं. माणसं दोन, नाव हत्याराचं.

"औंदा न्हाई म्हनलं," तो म्हणाला. "पोरगी झाली, दीड महिन्याची हाय. फडात, उसाच्या पाचटाच्या झोपडीत न्हाई ठेवायची तिला. मालकानं गाडी हातात दिली तवा सासूला शब्द दिलाय. गाडी हाय तवर कोयता न्हाई. गाडी गेली, की मंग काय, उचला कोयता."

हे तो अगदी सहज बोलला, आरशात मागचा ट्रक बघत. म्हणून मीही ते सहजच ऐकलं.

वालूरची बारव फोटोपेक्षा मोठी आणि शांत आहे. गावानं मिळून साफ केलीय. काठावर एक आजोबा उन्हाला बसले होते. ते उठले आणि काही न विचारता मला फिरवायला लागले. इथून उतर, इथं थांब, आता वर बघ. खालच्या पायरीवरून वर पाहिलं तर आभाळाचा गोल तुकडा आणि त्याच्याभोवती फिरणाऱ्या पायऱ्या. मला चक्कर आली आणि मी खाली बसले. आजोबा म्हणाले, "हां, बसा. समद्यायलाच येती."

निघताना मी शंभराची नोट काढली. ते मागे सरकले.

"ठिवा बाई ते. मी काय पुजारी हाय का? मी आपला उन्हाला बसलोय."

"तरी, आजोबा..."

"फोटू टाका. पर नाव नीट लिवा. वालूर. मागं एकानं वाळूज लिवलं, अन् लोकं कारखान्यात जाऊन बारव हुडकायलेत."

तर वाचकहो, वालूर. तालुका सेलू. एमआयडीसीवालं वाळूज नाही.

चारठाण्याला उलटं झालं. तिथं गावभर जुनी देवळं आहेत, एक उंच कोरीव खांब आहे, बारव आहे. तिथं पांढऱ्या शर्टातल्या एका गृहस्थांनी मला ताब्यातच घेतलं. प्रत्येक देऊळ त्यांच्या मते एका रात्रीत बांधलेलं होतं. पाचव्या देवळाला मी विचारलं, "सगळी एकाच रात्री?" ते म्हणाले, "येगयेगळ्या." दीड तासानं, ऊन डोक्यावर आल्यावर, ते थांबले. "आता चहापान्याचं बगा की मॅडम."

तोवर माझे सुटे हारफुलं आणि नारळात संपले होते, ती शंभराची नोटही. उरली होती पाचशेची एक. त्यांच्याकडे सुटे नव्हते, फोन साधा, स्कॅन होणार नाही. मी थकले होते. दिली.

गाडीत बसल्यावर मुंजाजी म्हणाला, "पाचशे? अवो ताई, पाचशेत तर त्यानं एखादं देऊळ तुमच्या नावावर करून दिलं असतं."

सकाळपासून दोन माणसांना पैसे देऊ केले होते. ज्याला द्यावेसे वाटले त्यानं घेतले नाहीत, आणि ज्याला नव्हते द्यायचे तो सगळे घेऊन गेला. जिंतूरला जेवलो, थाळी एकशे वीस, पिठलं उत्तम, पैसे ऑनलाइन. तिथल्या एका एटीएमचं शटर खाली होतं, दुसऱ्यात कॅश नव्हती. मी ते फारसं मनावर घेतलं नाही. सगळीकडे स्कॅन होतंच की.

ठरल्याप्रमाणे जिंतूरवरून परत फिरायचं होतं. मी नकाशा बघत म्हटलं, "येलदरी इथून जवळच दिसतंय. काय आहे तिथे?"

"धरण हाय. मासे हायत." मग जरा थांबून, "अन् माझी पोरगी हाय."

रुक्मिणीचं माहेर येलदरीच्या अलीकडेच. बाळंतपणाला ती तिकडे आलेली. मुंजाजीनं लेक पाहिली होती ती जिंतूरच्या दवाखान्यात, जन्मली त्या दिवशी, तासभर. गाडीच्या फेऱ्यांमुळे नंतर जमलंच नव्हतं.

"मग चला ना!" मी म्हटलं.

"नको ताई. मालकाला न्हाई आवडत. सवारी घिऊन घरी न्हाई जायचं, पैला नियम हाय त्यांचा."

"मी म्हणतेय ना. मला धरण बघायचंय. वाटेत पाणी प्यायला थांबलो, झालं."

त्यानं दोनदा नाही म्हटलं. मी तिसऱ्यांदा चला म्हटलं. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मला ते कुणालाच पटवून देता आलं नाही.

धरण पाच मिनिटं बघितलं. घरी तासभर थांबलो. दोन खोल्या, पुढे पत्रा. घरातले पुरुष ऊसतोडीला गेलेले, घरी फक्त सासूबाई आणि रुक्मिणी. मुंजाजी दारातच हात धुऊन, पाय धुऊन, परत हात धुऊन आत गेला. मी बाहेरच थांबले. मग त्याची सासू बाहेर आली, डोळ्याला पदर लावून मला म्हणाली, "ये माय, ये. तुझ्यामुळं आला त्यो."

चहा झाला. मावशींनी, म्हणजे त्याच्या सासूनं, मला कुंकू लावलं आणि हातात नवा ब्लाउज पीस ठेवला, हिरवा. "वटी लगीन झालेल्याची भरतेत. तुला नुस्ता पीस. पैल्यांदा आलीस." बाळ माझ्या मांडीवर दिलं. तिनं माझं बोट धरलं आणि सोडेचना.

शेजारच्या काकू तोवर बघायला आल्याच होत्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "शेरातली पाव्हणी हाय व्हय! मंग, लेकराच्या हातावर काय ठिवलं?"

मला हे माहीत होतं. पुण्यातही असतंच की, बाळ पहिल्यांदा बघितलं की हातावर काहीतरी ठेवतात. आणि माझ्या पर्समध्ये तेव्हा कार्डं होती, बिस्किटाचा पुडा होता, कॅश शून्य. घाबरून मी जे बोलले ते अजून आठवलं की कान गरम होतात. "इथे... ऑनलाइन चालेल का?"

मग काकू अशा हसल्या की बाळ दचकलं. "अगं बया! आता लेकराच्या मुठीत स्क्यानर द्यावा का काय!"

सगळे हसले. मीही हसले. मावशी म्हणाल्या, "राहू दे गं, बोलायलीय ती उगं. तुझा पाय लागला घराला, तेच लय झालं." मुंजाजी मात्र हसला नाही. तो म्हणाला, "चला ताई, उशीर व्हायलाय."

परतीच्या रस्त्यात जिंतूर ते परभणी मला एकच गोष्ट खात होती. मी त्या घरातून पीस घेऊन निघाले आणि बाळाच्या हातावर काहीही ठेवलं नाही.

लॉजपाशी गाडी थांबली. डॅशबोर्डवर क्यूआरचा स्टिकर होता. मी तीन हजार स्कॅन केले. मग त्याच स्टिकरवर वेगळे एक हजार एक पाठवले आणि खाली मेसेजमध्ये इंग्लिशमध्ये लिहिलं, 'फॉर बेबी, येलदरी', पुढे पिवळं हार्ट. मुंजाजीला काही सांगितलं नाही. फोनवर बघेल तेव्हा कळेल, सरप्राइज. शहरात ॲपवरून टॅक्सी मागवली की टिपचं वेगळं बटण असतं, आणि सगळे पैसे ड्रायव्हरला जातात असं तिथंच लिहिलेलं असतं. माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं, की स्टिकर कुणाचा हे बघावंसंही वाटलं नाही. पैसे गेल्यावर स्क्रीनवर ट्रॅव्हल्सचं नाव आलं. ते मी वाचलं आणि खोलीवर जाऊन शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी गाडी तीच होती, ड्रायव्हर दुसरा. पन्नाशीचे, पान खाणारे, दत्ताभाऊ. मी विचारलं तर म्हणाले, "मुंजाजीला दुसरं काम हाय." मला वाईट वाटलं, पण मी जास्त विचार केला नाही.

त्या दिवशी चुडाव्याच्या बाजूला जायचं होतं. पूर्णा तालुक्यात शेतात एक बारव आहे असं कुणीतरी ग्रुपवर टाकलं होतं. सापडली. अर्धी बुजलेली, आत बाभळी. सहा पायऱ्या मोजल्या, सातवी मातीत होती. फोटो काढले, कपड्यांना काटे लावून घेतले आणि चुडावा स्टेशनबाहेर चहाला थांबलो. आदल्या दिवसाचं चालणं पायात होतं, धूळ दातात होती. जिंतूरचा धडा म्हणून मी सकाळीच परभणीत एटीएममधून दोन हजार काढले होते. पण सगळ्या पाचशेच्याच नोटा आल्या, म्हणून मी सहज म्हटलं, "दत्ताभाऊ, तुमची खुशी आत्ताच देऊन टाकते. गाडीतल्या स्टिकरवर टाकू ना?"

त्यांनी चहाचा कप खालीच ठेवला. "नका, नका ताई! त्यानंच तर समदा घोळ झाला!"

मग सगळं बाहेर आलं. स्टिकर माणिकरावांच्या खात्याचा. काल संध्याकाळी त्यांच्या फोनवर तीन हजार आले, आणि पाठोपाठ एक हजार एक. खालचं इंग्लिश त्यांच्या लेकीनं वाचून दाखवलं. त्यांनी मुंजाजीला समोर उभं केलं. सवारी घेऊन सासुरवाडीला गेलास? तान्ह्या लेकराच्या नावानं गिऱ्हाईकाकडं पैसे मागतोस? चावी काढून घेतली.

"त्यानं मागितले नाहीत," मी म्हटलं.

"मला ठाव हाय. पर मालकाला कोण सांगंल?"

चहा तसाच राहिला. आम्ही परभणीला परत फिरलो. त्या तासाभरात मी एकही फोटो काढला नाही. डोक्यात एकच, गाडी गेली की उचला कोयता.

ऑफिस म्हणजे एक शटर, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर तीन गाड्यांचे हार घातलेले फोटो. मुंजाजी पायरीवर बसला होता. कालचाच शर्ट. मला बघून उठला.

माणिकराव साठीचे, जाड चष्मा, आवाज मऊ. "या मॅडम, बसा. पाणी घ्या. तुमचा काही दोष न्हाई. तुमी पाव्हणे."

"त्यांनी मागितले नाहीत. घरी जायचंही मीच म्हटलं. ते नको म्हणत होते."

"तुमी म्हनलात, कारण पोरगी हाय हे त्यानं सांगितलं. कामून सांगितलं?"

पायरीवरून मुंजाजी म्हणाला, "पोरगी झाली तर सांगू न्हाई का, मालक?"

माणिकरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मलाच म्हणाले, "मॅडम, मागणारा कवा तोंडानं मागत न्हाई. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवली मी. माझ्यासंगं एक जण व्हता. हर गिऱ्हाईकाला त्यो आपल्या आजारी मायला भेटवायचा. तेरा वर्षं आजारी व्हती ती माय. अन् मी मेलो तर रडायला येईल अशी ठणठणीत." दत्ताभाऊ हसले. "खुशी हातातून हातात जाती. देणारा बगतो, घेणारा बगतो, झालं. मी इचारत बी न्हाई किती. तुमी माझ्या खात्यात टाकली. आता ह्याला दिली, तर उद्या बाकीचे दोघं बी लेकरं दाखवत फिरतील. न्हाई दिली, तर मी लेकराचे पैसे खाल्ले. एक बटन दाबलं मॅडम तुमी, अन् मला चोर केलं, ह्याला भिकारी केलं."

आवाज शेवटपर्यंत मऊच होता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी पर्स उघडली. "मग ते तुम्ही ठेवा. मी मुंजाजीदादांना हातात देते, तुमच्यासमोर." पाचशेच्या दोन नोटा काढल्या.

"नको ताई." मुंजाजी आत आला होता. "ते ठिवा. अन् मालकांकडचे परत घ्या."

"अहो, पण ते बाळासाठी..."

"माझ्या सासूला कळलंय. तिच्या गावातला एक जण मालकांच्या दुसऱ्या गाडीवर हाय, त्यानं लगीच फोन केला. सासू म्हनली, आमी पाव्हणी म्हणून पीस दिला, अन् तू तिच्याकडनं वसूल केलास." त्यानं नोटांवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. "तुमी परत घेतले तर मी मागितले न्हाई. तुमी ऱ्हाऊ द्या म्हनलात, तर मी मागितले. दुसरं कायच न्हाई त्यात."

मला अजून वाद घालायचा होता. एक हजार एक म्हणजे मी शनिवारी जेवायला जाते त्यापेक्षा कमी. ते परत घेणं मला इतकं खालचं वाटत होतं, की ओठावर येत होतं, अहो ठेवा हो, विसरा. पण ते म्हटलं की मी मोठी होणार आणि तो मागणारा होणार, एवढं तेव्हा मला समोर दिसलं.

"परत करा," मी माणिकरावांना म्हटलं.

त्यांनी चष्मा वर करून, एकेक आकडा दाबत पैसे पाठवले. माझा फोन वाजला. "आले का? मोठ्यानं सांगा."

"आले. एक हजार एक."

त्यांनी स्क्रीन आधी दत्ताभाऊंना दाखवली, मग मुंजाजीला. मुंजाजीनं ती नीट वाचली, मान हलवली आणि परत पायरीवर जाऊन बसला. गाडीचं काय, मी विचारलं. "बगू," माणिकराव म्हणाले. "तुमची रेल्वे चुकंल, मॅडम."

दत्ताभाऊंना मी स्टेशनवर पाचशे हातात दिले. त्यांनी न बघता खिशात घातले आणि माझी बॅग डब्यापर्यंत आणून ठेवली.

पुण्यात आल्यावर आईनं विचारलं, कशी झाली ट्रिप. मी म्हटलं, बारव छान आहे. मग रोज वाटायचं फोन करावा आणि रोज भीती वाटायची, की फोन हीसुद्धा नवीन चूक ठरली तर. नोकरी गेली असेल तर मी काय म्हणणार होते? सॉरी? आणि ते ऐकून त्यानं काय करायचं होतं? ब्लाउज पीस कपाटात ठेवला तो वरच्या कप्प्यात, हात पोचणार नाही असा.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर जाच, वालूरसाठी जा. दोन दिवसांत खाण्यापिण्यासकट माझे नऊ हजारांच्या आत गेले, रेल्वे धरून. पन्नास-शंभरच्या नोटा घरूनच न्या, जिंतूरच्या एटीएमच्या भरवशावर राहू नका. स्टिकर कुणाचा आहे ते विचारा. द्यायचं ते हातात द्या, आणि त्या माणसाच्या घरचं पाणी प्यायला असाल तर पैसे काढण्याआधी दहा वेळा विचार करा. किती द्यायचे हे मात्र मला अजूनही सांगता येत नाही. मी विचारलं होतं, उत्तरही मिळालं होतं, डायरीत आहे.

परवा संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे हॉर्न वाजत होते.

"ताई, मुंजाजी बोलायलोय. परभणीचा."

मी विचारलं, "दादा, कुठे आहात?"

"गाडीवर हाय. नांदेडची सवारी सोडून यायलोय. मालकानं चार दिवस बसवलं, मंग दिली चावी. काही बोलले न्हाई, नुस्ती दिली." मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात बारसं हाय पोरीचं, आमच्या गावाला. सासू म्हनली, त्या पोरीला बोलव."

"तुमच्या सासूबाई? त्या रागावल्या होत्या ना?"

"व्हत्या. परत घेतले म्हनल्यावर गप झाल्या. तुमी या. पर हात हलवत या, बरं का ताई. लेकराला काय बी आणायचं न्हाई. तेवढं कबूल असंल तरच या."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. तिकीट अजून काढलेलं नाही. रोज साइट उघडते, तारीख टाकते आणि बंद करते. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, हे मला आजवर कुणी शिकवलेलंच नाही.